आत डोकावून पाहण्याची दोनशे वर्षं

खारदांड्याहून आम्ही सगळ्याजणी बोलतोय. म्हावऱ्याच्या भावापासून मुलांच्या शाळेपर्यंत आपण इथे सगळं बोललो, पण लघवी हा शब्द अजून आपण चारचौघींत हळूच उच्चारतो. आज तो मोठ्याने उच्चारणार आहोत. विषय आहे मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कॅन्सर.

कारण असं की आमच्यातल्या एका मावशींना नुकताच हा आजार निघाला. सोनोग्राफीत गाठ दिसली, दुर्बिणीच्या तपासणीत ती पक्की झाली आणि आता गाठ काढण्याची तारीख मिळाली आहे. हे दिवस मोठे वाईट असतात. आजार कळलेला असतो आणि उपचार सुरू झालेला नसतो. अशा दिवसांत मावशींनी आम्हाला विचारलं, "हा नवीनच रोग आला का गं? आमच्या वेळी कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांना तरी माहीत आहे ना, काय करायचं ते?" प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून आम्ही या आजाराचा इतिहास वाचायला बसलो. तोच आज त्यांच्या परवानगीने तुम्हाला सांगतोय.

रोग नवा नाही. नवं आहे ते त्याला पाहता येणं. पोटाच्या आत, हाडांच्या कमानीमागे दडलेली ही पिशवी. तिच्यात काय चाललंय ते जिवंत माणसात कुणाला दिसत नव्हतं. १८०६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात फिलिप बोझिनी नावाच्या तरुण डॉक्टरने एक उपकरण लोकांपुढे आणलं. एक कंदिलासारखा डबा, आत मेणबत्ती, मागे आरसा आणि पुढे एक नळी. मेणबत्तीचा उजेड नळीतून शरीरात सोडायचा आणि डोळा लावून पाहायचं. त्या काळच्या मोठ्या डॉक्टरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. तीन वर्षांतच बोझिनी साथीच्या तापाने वारला. वय होतं जेमतेम पस्तीस.

त्यानंतर सत्तर वर्षांनी मॅक्स निट्झे या दुसऱ्या जर्मन डॉक्टरने ते काम पुढे नेलं. १८७७ साली त्याने लघवीच्या वाटेने आत जाणारी दुर्बीण दाखवली. मेणबत्तीऐवजी आता प्लॅटिनमची तापून लाल झालेली तार होती. ती भाजू नये म्हणून तिच्याभोवती सतत थंड पाणी खेळवायचं. विजेचा दिवा निघाल्यावर दुर्बिणीच्या टोकाला इवलासा बल्ब बसला आणि ती तार गेली. पुढे या कामाला एका भारतीयाचाही हात लागला. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी लंडनमध्ये शिकत असताना, १९५४ साली, त्यांनी आणि त्यांचे प्राध्यापक हॉपकिन्स यांनी काचेच्या केसासारख्या बारीक धाग्यांच्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेऊन दाखवलं. दुर्बीण वाकवता येऊ लागली ती अशा धाग्यांमुळे. तेव्हा, मैत्रिणींनो, डॉक्टर जेव्हा म्हणतात, "दुर्बीण घालून बघू या," तेव्हा घाबरू नका. तिच्यामागे दोनशे वर्षांचं काम आहे, आणि बहुतेक वेळा जागा बधिर करून काही मिनिटांत ती तपासणी होते.

दुर्बीण आत पाहते. पण बाहेर जे दिसतं ते आधी आपल्यालाच पाहावं लागतं. या आजाराची पहिली खूण म्हणजे लघवीतून रक्त जाणं. बहुतेकदा दुखत नाही, जळजळतही नाही. एकदा जातं, मग महिनाभर जात नाही. लघवी गुलाबी, लाल किंवा कोऱ्या चहासारखी दिसते. पुरुषाला हे लगेच कळतं. बाईला कळायला उशीर होतो. पाळी चालू असेल तर वाटतं, त्याचंच असेल. पाळी गेलेली असेल तर वाटतं, परत आली. दवाखान्यात गेलं तर पुष्कळदा इन्फेक्शन म्हणून गोळ्या मिळतात, चार दिवस बरं वाटतं. हा आजार पुरुषांत बायकांपेक्षा तीन-चार पटींनी जास्त आहे, म्हणून बाईच्या बाबतीत तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. बायकांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं, हे देशोदेशी दिसून आलेलं आहे.

त्यात आपले संडास. पहाटे चारला धक्क्यावर जायचं, मग टोपली घेऊन बाजारात बसायचं, दुपारपर्यंत जायला जागा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं. सार्वजनिक संडासात अंधार, आणि आपण घाईने पाणी ओतून बाहेर. रंग बघणार कधी? या मुंबईत बायकांनी २०११ साली 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू केली, बायकांसाठी स्वच्छ आणि फुकट मुताऱ्या मागितल्या. लोक हसले. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. लघवी दाबून ठेवल्याने कॅन्सर होतो असं आम्ही म्हणत नाही. पण जिला धड बसायला जागा नाही, तिला तिच्या शरीराची खूण दिसणार कशी?

आता पुढचा प्रश्न, हा होतो कशाने? मावशींचाही तोच प्रश्न होता, "माझ्या हातून काय चुकलं?" इतिहास इथे फार मोलाचा आहे. १८९५ साली फ्रँकफर्टमध्येच लुडविग रेन या सर्जनने सांगितलं, की कापडाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयात गाठी होताहेत. रुग्ण अगदी मोजके होते, पण सगळे एकाच कामातले. लोकांनी वाद घातला. पुढे कळलं, की रंग बनवताना वापरली जाणारी काही रसायनं श्वासातून, कातडीतून रक्तात जातात. मूत्रपिंडं रक्त गाळतात आणि ती घाण लघवीच्या पिशवीत येऊन तासन्‌तास साठून राहते. पिशवीचं अस्तर त्या घाणीत भिजत राहतं. दहा, वीस, तीस वर्षांनी गाठ येते.

आणि मग कळलं, की त्याच जातीची रसायनं तंबाखूच्या धुरातही असतात. आज या आजाराचं सगळ्यांत मोठं ठाऊक असलेलं कारण विडी-सिगारेट हेच आहे. ओढतो तो तर ओढतोच, पण घरात बसून तो धूर आपल्याही छातीत जातो. मशेरीचं काय, असं तुम्ही विचाराल, कारण आपल्यातल्या कितीजणींचा दिवस मशेरीशिवाय सुरू होत नाही. लघवीच्या पिशवीबद्दल जेवढा पक्का पुरावा धुराचा आहे तेवढा मशेरीचा नाही. पण तोंडाच्या कॅन्सरचा आहे, आणि तो पुरेसा आहे. ऑपरेशनची तारीख मिळालेल्या बाईने तर विडी असो की मशेरी, आजच सोडावी. भूल सोसते, जखम लवकर भरते. धूर सुटला तर गाठ परत येण्याचा धोकाही कमी होतो.

आणखी एक कारण आपल्या कोकणातलं आहे, फार कमी लोकांना ठाऊक असलेलं. इजिप्तमध्ये नाईल नदीकाठी एक बारीक किडा गोड्या पाण्यातल्या गोगलगाईतून माणसाच्या कातडीत शिरतो आणि मूत्राशयाच्या भिंतीत अंडी घालतो. लघवीतून रक्त जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे कॅन्सर होतो. हा रोग भारतात नाहीच, असं बरेच जण धरून चालले होते. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या दोन डॉक्टरांनी लिहून दाखवलं, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जातंय आणि कारण अशाच किड्याचं आहे. एका लहान गावातल्या माणसांची लघवी कुणीतरी नीट तपासली, म्हणून ते कळलं. यातून आम्ही एवढंच घेतलं, की लघवीतलं रक्त कधी 'असंच' नसतं. आणि आजारी बाईचं काही 'पाप' नसतं. तिने उष्ण खाल्लं, उपास मोडला, यातलं काही कारण नाही.

आता उपचारांकडे येऊ. मावशी ज्याची वाट बघताहेत ते.

१९१० साली न्यूयॉर्कच्या एडविन बिअर या डॉक्टरने त्याच दुर्बिणीतून विजेची तार आत नेली आणि पोट न फाडता गाठ जाळून टाकली. आज जे करतात ते त्याचंच सुधारलेलं रूप. भूल देतात, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालतात आणि गाठ खरवडून काढतात. पोटावर टाका नाही. एक-दोन दिवस नळी असते, लघवी गुलाबी येते, मग बहुतेकजणी घरी. घरी गेल्यावर रक्ताच्या गाठी पडू लागल्या, लघवी अडली किंवा ताप भरला तर थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

काढलेला तुकडा तपासायला जातो. त्यातून दोन गोष्टी कळतात. गाठ किती तापट आहे, आणि ती किती खोल गेली आहे. पिशवीला आतून अस्तर असतं आणि त्याबाहेर मांसाचा थर असतो. जगभर पाहिलं तर नव्याने सापडणाऱ्या साधारण चारपैकी तिघांची गाठ त्या मांसाच्या थरापर्यंत पोचलेली नसते. तेव्हा 'कॅन्सर' हा एकच शब्द ऐकून सगळं संपलं असं मानू नका. या आजारात पहिला प्रश्न विचारायचा तो हा, "डॉक्टर, मांसात गेलंय की नाही?"

नसेल गेलं, पण गाठ परत येण्याची भीती जास्त असेल, तर पुष्कळदा बीसीजी देतात. हो, तीच! बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात ती, जिचा वण आपल्या लेकरांच्या दंडावर आहे. ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त आवडली. फ्रान्समध्ये काल्मेट नावाचे डॉक्टर आणि ग्वेरँ नावाचे गुरांचे डॉक्टर, या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू घेतला आणि बटाट्याच्या फोडींवर, पित्तात भिजवून, पुन्हा पुन्हा वाढवला. १९०८ पासून तेरा वर्षं! तेवढ्यात जंतू मवाळ झाला. १९२१ साली पॅरिसमध्ये एका तान्ह्या बाळाला ती लस पहिल्यांदा दिली. त्या बाळाची आई क्षयाने गेली होती. आपल्या देशात १९४८ साली मद्रासजवळ गिंडीला ती बनू लागली आणि पुढे गावोगावी पोचली.

क्षयाची लस कॅन्सरला कशी? १९७६ साली कॅनडातल्या अल्व्हारो मोरालेस यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नऊ रुग्णांची हकीकत छापली. ही लस नळीने थेट मूत्राशयात सोडली, तर शरीराचं स्वतःचं सैन्य तिथे जागं होतं आणि गाठीच्या पेशींवर तुटून पडतं. त्यांनी आठवड्याला एक, असे सहा डोस दिले. सहाच का? सांगतात की लस यायची त्या पाकिटात सहा बाटल्या असायच्या, म्हणून! आज पन्नास वर्षं होत आली, तरी सुरुवातीचे डोस सहाच. मूत्राशयासाठीची ही लस आता आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. डोस घेतल्यावर साधारण दोन तास लघवी धरून ठेवायला सांगतात. दिवसभर बाजारात धरून ठेवणाऱ्या आपण, दोन तास काय मोठे! नंतर जळजळ होते, थोडी कणकण येते. कणकण उतरली नाही, ताप चढत राहिला, तर मात्र कळवायचं.

मांसात गेलं असेल तर उपचार मोठा. केमो, शेक, किंवा पिशवीच काढून टाकणं. १८८७ साली जर्मनीत बार्डेनहॉयर यांनी पहिल्यांदा पूर्ण मूत्राशय काढलं. रुग्ण दोन आठवड्यांत दगावला, कारण पिशवी काढली तरी लघवी जाणार कुठून, याचं उत्तर तेव्हा नव्हतं. त्याला साठ वर्षं लागली. १९५० साली अमेरिकेतल्या ब्रिकर यांनी लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेतला, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या त्याला जोडल्या आणि दुसरं तोंड पोटावर काढलं. त्यावर बाहेरून पिशवी लावायची. आजही जगभर हीच पद्धत सर्वांत जास्त चालते. काहीजणींना आतड्याचीच नवी पिशवी आत शिवून देता येते.

पोटावर पिशवी म्हटलं की बाईच्या मनात काय काय येतं ते आम्हाला ठाऊक आहे. वास येईल, साडी नेसता येणार नाही, नवरा जवळ घेणार नाही. म्हणून साफ सांगतो. पिशवी नीट बसली तर वास येत नाही. कपड्याखाली दिसत नाही. आंघोळ करता येते, बाजारात बसता येतं. ऑपरेशनच्या आधीच नर्स पोटावर पेनाने खूण करते, तेव्हा तिला सांगा की परकराची नाडी इथे येते, टोपली कमरेला इथे टेकते. खूण त्याच हिशेबाने होऊ दे. आणि बायकांच्या या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा गर्भाशयही काढतात. ते काढायला लागेल का, नवरा-बायकोच्या संबंधांवर काय परिणाम होईल, हे विचारायला लाजू नका. विचारलं तर काही वेळा ते वाचवण्याचाही विचार होऊ शकतो.

आपल्यातलंच, सगळ्यांना ओळखीचं उदाहरण सांगतो. दिग्दर्शक महेश मांजरेकर यांना 'अंतिम' या सिनेमाचं काम चालू असताना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. २०२१ साली त्यांची शस्त्रक्रिया झाली. केमो चालू असताना शेवटचं शूटिंग केलं, असं त्यांनी स्वतः लोकांपुढे सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेमा लागला. मोठ्या माणसाकडे पैसा असतो, हे खरं. पण त्यांनी ते लपवलं नाही, हे आपल्या उपयोगाचं आहे.

कारण लपवण्याचाही एक इतिहास आहे. १९७२ साली चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्या लघवीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. पुढे प्रसिद्ध झालेल्या चरित्रांत लिहिलंय, की वरून हुकूम आला, त्यांना आणि त्यांच्या बायकोला सांगू नका, ऑपरेशन नको, चांगलंचुंगलं खायला द्या. रक्त वाढत गेलं, उपचार बऱ्याच महिन्यांनी सुरू झाला. १९७६ च्या जानेवारीत ते गेले. एवढ्या मोठ्या देशाचा पंतप्रधान, हाताशी सगळे डॉक्टर, आणि त्यालाच त्याचा आजार सांगायचा नाही!

आता आपल्या घरात बघा. "आयेला सांगू नका, ती खचेल." फाईल मुलाच्या हातात, डॉक्टर बोलतात जावयाशी, आणि जिचं शरीर ती बाहेर बाकावर बसलेली. प्रेमापोटी करतात, पण तिला एकटं पाडतात. तिला कळलेलंच असतं. तिला फक्त बोलायला कुणी उरत नाही. म्हणून आमचं मागणं आहे, की आजारी बाईला आत न्या. तिच्यासमोर बोला. तिला नको असेल तर ती स्वतः सांगेल की मला नका सांगू. तो निर्णयही तिचाच.

आपलं नशीब एवढं बरं, की खार रोडहून धीमी लोकल पकडून प्रभादेवीला उतरलं आणि रेल्वेच्या पुलावरून पलीकडे गेलं, की परळ. टाटा रुग्णालय तिथून जवळ. तेही एका बाईच्या आजारातून उभं राहिलं. बालविवाहाविरुद्ध आणि बायकांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी रुग्णालय उघडलं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. गावाकडून नातेवाईक येणार असतील, तर दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं मुंबई उपनगरही होतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' म्हणून बसलेल्या माणसाला भेटा. ऑपरेशनच्या आधी भेटा, नंतर नव्हे.

तारखेची वाट बघताना करायची कामं थोडक्यात सांगतो. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं लिहून न्या. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. प्रश्न मुलीकडून कागदावर लिहून घ्या. गाठ कितीतली आहे? मांसात गेलीय का? पुढची दुर्बीण कधी? कारण ही गाठ परत उगवायची खोड असलेली आहे. सुरुवातीला साधारण तीन महिन्यांनी दुर्बीण घालून पाहतात. बरं वाटतंय म्हणून ती तारीख चुकवायची नाही. कुणी झाडपाला आणून देईल, त्याला नमस्कार करा, पण तारीख पुढे ढकलू नका.

आणि शेजारणींनो, तुमचंही एक काम. अशा घरी जाऊन "अरेरे" म्हणू नका. डबा न्या, बाजारातली तिची जागा राखा, तिच्याबरोबर लोकलमध्ये बसा.

आजपासून आपण सगळ्याजणी एकच करू. उजेडात बसू, आणि पाणी ओतण्याआधी एकदा खाली बघू. लाल दिसलं, एकदाच का दिसेना, तर त्याच आठवड्यात भाभा किंवा कूपरला जाऊ. दुखत नाही म्हणून थांबणार नाही.